शंका-समाधान : आपोआप वाढणारा आयडी

टेबलातल्या प्रत्येक नोंदीला डेटाबेसने स्वतःहून नंबर (आयडी) द्यावा, एवढीच ही ‘ऑटो-इन्क्रिमेंट’ नावाची सोय. पण तिच्यावर नको तेवढा भरवसा टाकला जातो. या अंकातले सगळे प्रश्न तिच्याच भोवतीचे आहेत. आज्ञा नेहमीप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीतच करायच्या.

प्रश्न : गावच्या वाचनालयासाठी मायस्क्यूएल या डेटाबेसवर छोटं सॉफ्टवेअर केलं आहे. नवा सभासद आला की टेबलातला सर्वांत मोठा नंबर काढतो, त्यात एक मिळवतो आणि इन्सर्ट मारतो (नवी नोंद घालतो). एका काउंटरवर ठीक चाललं होतं. दुसरा काउंटर सुरू केल्यापासून मधूनच दोन सभासदांना एकच नंबर पडतो. काय चुकतं?

उत्तर : चूक त्या ‘मॅक्स अधिक एक’मध्येच आहे. पहिल्या काउंटरने विचारलं तेव्हा ४१२ मिळाला. त्याचं कमिट व्हायच्या आत, म्हणजे नोंद पक्की होण्याआधी, दुसऱ्यानेही विचारलं. त्यालाही ४१२च मिळाला. दोघांनी ४१३ लिहिला. आयडीवर प्रायमरी की (नोंदीची मुख्य ओळख, जी दुबार होऊ देत नाही) असती तर दुसऱ्याला निदान एरर आला असता. तुमच्याकडे दोन्ही नोंदी बसल्या, म्हणजे त्या कॉलमवर प्रायमरी कीच नाही. ते आधी दुरुस्त करा.

या पद्धतीत याहून वाईट एक गोष्ट आहे आणि ती एका काउंटरवरही घडते. ४१३ नंबरचा सभासद नाव काढून गेला, त्याची नोंद तुम्ही डिलीट केली. आता मॅक्स पुन्हा ४१२. पुढच्या सभासदाला ४१३ मिळाला आणि जुन्याने परत न केलेली पुस्तकं देवघेवीच्या टेबलात नव्याच्या नावावर दिसू लागली.

दुरुस्ती अशी. प्रथम दुबार नंबर शोधा: सिलेक्ट आयडी, काउंट(*) फ्रॉम सभासद ग्रुप बाय आयडी हॅविंग काउंट(*) > १. त्यांतल्या एकेका सभासदाला हाताने नवा नंबर द्या. देवघेवीच्या टेबलात कुठली पुस्तकं कोणाची, हे रजिस्टर पाहूनच ठरवा. शून्य आयडीची नोंद असेल तर तीही बदला, नाहीतर पुढच्या आज्ञेत मायस्क्यूएल तिला स्वतःच नवा नंबर देऊन मोकळं होतं. मग बॅकअप घेऊन पुढची आज्ञा द्या (‘बिगइंट’ म्हणजे मोठ्या पूर्णांकांचा प्रकार, ‘अनसाइन्ड’ म्हणजे ऋण आकडे नाहीत):

ऑल्टर टेबल सभासद मॉडिफाय आयडी बिगइंट अनसाइन्ड नॉट नल ऑटो_इन्क्रिमेंट, ॲड प्रायमरी की (आयडी);

प्रायमरी कीचा तुकडा विसरलात तर एरर १०७५ येईल: टेबलात ऑटो कॉलम एकच चालतो आणि त्यावर की असलीच पाहिजे, अशा अर्थाचा. डेटाबेसचा नंबर मोजणारा काउंटर आत्ताच्या मोठ्या नंबराच्या पुढून आपोआप सुरू होतो. इन्सर्टमध्ये आयडीचा कॉलम लिहायचाच नाही.

नवं टेबल करताना बाकीच्या डेटाबेसांत काय लिहायचं, तेही सांगून ठेवतो. पोस्टग्रेसमध्ये ‘आयडी बिगइंट जनरेटेड ऑलवेज ॲज आयडेंटिटी प्रायमरी की’. ही सोय आवृत्ती १० पासून, म्हणजे २०१७ पासून आहे. जुन्या पुस्तकांत दिसणारा ‘सीरियल’ अजून चालतो, पण त्यामागचा सीक्वेन्स, म्हणजे पुढचा नंबर देणारा काउंटर, ही वेगळी वस्तू राहते. टेबलावर इन्सर्टची परवानगी दिली तरी सीक्वेन्सची वेगळी द्यावी लागते आणि ‘परमिशन डिनाइड फॉर सीक्वेन्स’मध्ये दुपार जाते. शिवाय नुसत्या ‘सीरियल’ने प्रायमरी की होत नाही, तीही लिहावीच लागते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘बिगइंट आयडेंटिटी(१,१) प्रायमरी की’. पहिला १ सुरुवातीचा, दुसरा वाढीचा. ओरॅकलमध्ये १२सी पासून पोस्टग्रेससारखंच आयडेंटिटी लिहिता येतं. त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर सीक्वेन्स आणि बिफोर-इन्सर्ट ट्रिगर (नोंद घालण्याआधी आपोआप चालणारा कोड) अशी जोडी लागते.

आणि सभासदाच्या कार्डावर छापायचा नंबर वेगळ्या कॉलमात ठेवा. समितीला उद्या ‘आजीव सभासदांचे नंबर आ-१ पासून हवेत’ असं वाटलं, तर आयडीला हात लागू नये.

प्रश्न : मी कर सल्लागार आहे. एका व्यापाऱ्याच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये बिल नंबर ऑटो-इन्क्रिमेंटने पडतो. १०४१ नंतर एकदम १०४४. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, ‘डेटाबेस असाच वागतो.’ खरं आहे का? जीएसटीत हे चालेल का?

उत्तर : डेटाबेस असाच वागतो, हे खरं. म्हणूनच बिल नंबर त्याच्याकडे सोपवायचा नसतो.

आधी नंबर का गळतात ते. इन्सर्ट सुरू झाला की डेटाबेसच्या काउंटरवरून नंबर उचलला जातो. पुढे स्टॉक कमी पडला, लाइट गेली, ट्रँझॅक्शन (एकत्र पक्क्या होणाऱ्या कामांचा गठ्ठा) रोलबॅक झालं, म्हणजे सगळं मागे फिरलं, तरी उचललेला नंबर परत ठेवला जात नाही. हे मुद्दाम केलेलं आहे. परत ठेवायचा म्हटलं तर १०४२ चं पक्कं होईपर्यंत १०४३ ला कोणी हात लावू शकणार नाही आणि दुकानांतले शंभर काउंटर एका रांगेत उभे राहतील. नोंदी वेगळ्या ओळखता याव्यात एवढंच या नंबराचं काम. सलग असण्याचं वचन एकही डेटाबेस देत नाही.

जीएसटीची गरज उलटी आहे. २०१७ च्या केंद्रीय जीएसटी नियमांतला नियम ४६ बिलावर सलग अनुक्रमांक मागतो: जास्तीत जास्त १६ अक्षरं, त्यांत इंग्रजी अक्षरं, आकडे, आडवी रेघ किंवा तिरकी रेघ आणि आर्थिक वर्षात न दुबारणारा. एकाहून जास्त मालिका चालतात. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रातल्या तक्ता १३ मध्ये प्रत्येक मालिकेचा पहिला नंबर, शेवटचा नंबर, एकूण आणि रद्द किती, हे भरावं लागतं. १०४२ आणि १०४३ ही बिलं कधी झालीच नाहीत. त्यांना ‘रद्द’ म्हणून दाखवणं म्हणजे नसलेल्या कागदाचा हिशेब देणं.

सॉफ्टवेअरवाल्याला पुढची रचना जशीच्या तशी द्या.

बिलाच्या टेबलाचा आयडी ऑटो-इन्क्रिमेंटच राहू दे. तो कोणाला दाखवायचा नाही. बिल नंबर हा वेगळा कॉलम, कच्च्या बिलात रिकामा. ‘बिल_मालिका’ नावाचं एक छोटं टेबल करायचं. त्यात तीन कॉलम: मालिका, आर्थिक वर्ष आणि शेवटचा नंबर. पहिल्या दोघांवर मिळून प्रायमरी की. कोल्हापूरच्या दुकानाची २०२६-२७ ची एक ओळ, सांगलीच्या दुकानाची दुसरी.

‘बिल पक्कं करा’ दाबलं की एकाच ट्रँझॅक्शनमध्ये पुढच्या गोष्टी घडाव्यात. स्टॉक वगैरे सगळी तपासणी आधी. मग ‘अपडेट बिल_मालिका सेट शेवटचा = शेवटचा + १’, त्या मालिकेच्या आणि त्या वर्षाच्या ओळीवर. या अपडेटने ती ओळ लॉक होते; दुसऱ्या काउंटरचं अपडेट पहिल्याचं कमिट होईपर्यंत थांबतं. पोस्टग्रेसमध्ये याच आज्ञेला ‘रिटर्निंग शेवटचा’ जोडून नवा आकडा मिळतो. मायस्क्यूएलमध्ये ‘सेट शेवटचा = लास्ट_इन्सर्ट_आयडी(शेवटचा + १)’ लिहायचं आणि लगेच ‘सिलेक्ट लास्ट_इन्सर्ट_आयडी()’. आकडा बिलात लिहायचा, कमिट करायचं. मध्ये काहीही फिसकटून रोलबॅक झालं तर मालिकेची ओळही मागे येते आणि नंबर गळत नाही.

इथे हमखास होणाऱ्या चुका तीन. लॉक धरून ठेवून प्रिंटरला बिल पाठवणं किंवा पेमेंटच्या उत्तराची वाट पाहणं: कागद अडकला की सगळी दुकानं अडकतात. दुसरी चूक १ एप्रिलची. नव्या वर्षाची ओळच नाही, अपडेटने शून्य ओळी बदलल्या आणि प्रोग्रामने ते तपासलंच नाही. किती ओळी बदलल्या ते दरवेळी पाहा. एक नसेल तर बिल पक्कं होऊच देऊ नका. तिसरी, मालिका-वर्ष-नंबर या तिघांवर बिलाच्या टेबलात युनिक इंडेक्स (दुबार किंमत अडवणारी सूची) न ठेवणं. तो ठेवाच, म्हणजे कोणी हाताने नंबर घुसवला तरी डेटाबेस अडवेल.

१६ अक्षरांचा हिशेबही आत्ताच करा. केपी/२६-२७/०००१२ हे रोमन लिपीत १४ अक्षरं होतं. आकड्याला पाचऐवजी सात घरं ठेवलीत तर बरोबर १६. त्यापुढे जागा नाही. आणि पक्कं झालेलं बिल डिलीट करायचं बटणच ठेवू नका. स्थिती ‘रद्द’ करायची, नंबर तसाच राहतो, तक्ता १३ जुळतो.

प्रश्न : जुन्या सर्व्हरवरून पोस्टग्रेसमध्ये ग्राहकांचं टेबल आणलं, आयडीसकट. सगळे ग्राहक दिसतात. पण नवा ग्राहक घालायला गेलं की ‘डुप्लिकेट की व्हॅल्यू व्हायोलेट्स युनिक कन्स्ट्रेंट’. गंमत म्हणजे बऱ्याचदा प्रयत्न केला की कधीतरी एक जातो!

उत्तर : नोंदी आल्या, पण सीक्वेन्सला ते कोणी सांगितलंच नाही. आयडी हाताने दिले की पोस्टग्रेस सीक्वेन्सकडे बघतही नाही. तो अजून १ वरच उभा आहे. तुमचा पहिला प्रयत्न १ मागतो, १ नंबरचा ग्राहक आहे, एरर. पण मागितलेला नंबर खर्च झालाच. पुढचा प्रयत्न २, मग ३. जुन्या डेटात एखादा नंबर रिकामा असेल तिथे पोहोचलात की नोंद बसते. तीच तुमची ‘गंमत’. तेव्हा बटण दाबत बसू नका.

नवे इन्सर्ट थांबवून हे चालवा:

सिलेक्ट सेटव्हॅल(पीजी_गेट_सीरियल_सीक्वेन्स('ग्राहक', 'आयडी'), (सिलेक्ट कोॲलेस(मॅक्स(आयडी), ०) + १ फ्रॉम ग्राहक), फॉल्स);

शेवटचा ‘फॉल्स’ सांगतो की दिलेला आकडा अजून वापरलेला नाही, पुढच्याला हाच द्या. तो नसता तर रिकाम्या टेबलात पहिला ग्राहक २ नंबरचा झाला असता. टेबलाच्या नावात मोठी रोमन अक्षरं असतील तर पहिल्या अवतरणाच्या आत दुहेरी अवतरणही लागतं. कॉलमच्या नावाला लागत नाही. ही विसंगती पोस्टग्रेसचीच आहे, तुमची नाही. फंक्शनने ‘नल’ दिलं तर तो सीक्वेन्स कोणीतरी हाताने करून डिफॉल्टला लावलेला आहे. ‘ऑल्टर सीक्वेन्स … ओन्ड बाय ग्राहक.आयडी’ करून तो कॉलमच्या नावावर करा आणि मग वरची आज्ञा द्या.

पोस्टग्रेसच्या पीजी_डंप या साधनाने पूर्ण डंप घेतला असता तर सेटव्हॅलच्या आज्ञा त्यात आपोआप येतात. सीएसव्हीतून किंवा दुसऱ्या डेटाबेसमधून आणताना मात्र हे काम तुमचं. ‘जनरेटेड ऑलवेज’ असल्यावर साध्या इन्सर्टमध्ये आयडी देता येत नाही, ‘ओव्हररायडिंग सिस्टीम व्हॅल्यू’ लिहावं लागतं. ‘कॉपी’ ही ढीगभर नोंदी भरणारी आज्ञा मात्र मुकाट्याने दिलेले आयडी घेते. म्हणून ‘ऑलवेज आहे, मग भीती नाही’ असं समजू नका.

मायस्क्यूएलमध्ये ही अडचण येत नाही, कारण मोठा आयडी हाताने दिला की काउंटर त्याच्या पुढे सरकतो. त्याची वेगळी खोड आहे. आयडीच्या जागी कोणी चुकून दहा आकडी मोबाइल नंबर टाकला की पुढचे सगळे ग्राहक तिथून सुरू. त्या नोंदीचा आणि तिच्यानंतरच्यांचा आयडी दुरुस्त करून ‘ऑल्टर टेबल ग्राहक ऑटो_इन्क्रिमेंट = …’ द्यायचं. असलेल्या मोठ्या आयडीच्या खाली काउंटर नेता येत नाही, म्हणून आधी नोंदी, मग काउंटर.

प्रश्न : एसक्यूएल सर्व्हर. यूपीएस बंद पडला, सर्व्हर पुन्हा चालू केला, आयडी २३७ वरून थेट १००० च्या पुढे. व्हायरस?

उत्तर : नाही. २०१२ च्या आवृत्तीपासून एसक्यूएल सर्व्हर इंट कॉलमसाठी १,००० आणि बिगइंटसाठी १०,००० नंबर आधीच राखून मेमरीत ठेवतो. सर्व्हर अचानक बंद पडला की राखलेले बुडतात. २०१७ पासून ‘ऑल्टर डेटाबेस स्कोप्ड कॉन्फिगरेशन सेट आयडेंटिटी_कॅश = ऑफ’ करता येतं; त्याआधीच्या आवृत्तीत ट्रेस फ्लॅग २७२. आमचं मत विचाराल तर काहीच करू नका, यूपीएसची बॅटरी बदला.

प्रश्न : ऑर्डर घातल्यावर तिचा आयडी घेऊन ऑर्डरच्या ओळी घालायच्या असतात. सध्या इन्सर्टनंतर सिलेक्ट मॅक्स(आयडी) करतो. बरोबर आहे ना?

उत्तर : नाही. तुमच्या इन्सर्ट आणि सिलेक्टच्या मध्ये दुसऱ्याची ऑर्डर पडली की तुमच्या ग्राहकाचा माल त्याच्या बिलात. मायस्क्यूएलमध्ये लास्ट_इन्सर्ट_आयडी() वापरा. ते तुमच्या कनेक्शनपुरतं असतं, दुसऱ्यांच्या इन्सर्टने बदलत नाही. मात्र इन्सर्ट आणि हा प्रश्न एकाच कनेक्शनवर झाले पाहिजेत. कनेक्शन पूल (आधीच उघडून ठेवलेली, वाटून वापरायची कनेक्शनं) असेल तर दोन्हींसाठी एकच कनेक्शन धरून ठेवा. एका इन्सर्टमध्ये दहा ओळी घातल्या तर मिळतो तो पहिल्या ओळीचा आयडी, शेवटच्या नव्हे.

पोस्टग्रेसमध्ये इन्सर्टच्याच शेपटाला ‘रिटर्निंग आयडी’. मारियाडीबी या मायस्क्यूएलच्या भाऊबंद डेटाबेसात ते १०.५ पासून आहे.

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांसाठी खास सूचना: जुन्या कोडमध्ये @@आयडेंटिटी दिसलं की बदला. ऑर्डरच्या टेबलावर नोंदवहीसाठी ट्रिगर लावलेला असेल आणि तो दुसऱ्या टेबलात इन्सर्ट करत असेल, तर @@आयडेंटिटी त्या दुसऱ्या टेबलाचा आयडी देतं. ट्रिगर लावेपर्यंत सगळं बरोबर चालतं, म्हणून ही चूक चाचणीत सापडत नाही. स्कोप_आयडेंटिटी() किंवा ‘आउटपुट इन्सर्टेड.आयडी इन्टू …’ वापरा; ट्रिगर असलेल्या टेबलावर ‘इन्टू’ लागतंच.

प्रश्न : मायस्क्यूएल. आज सकाळपासून एकही नवी नोंद बसत नाही. एरर १०६२, ‘डुप्लिकेट एंट्री २१४७४८३६४७ फॉर की प्रायमरी’. टेबलात एवढ्या नोंदी नाहीतच, जेमतेम ९ लाख आहेत.

उत्तर : नोंदी ९ लाख असतील, पण नंबर संपले. साध्या इंटची कमाल २,१४,७४,८३,६४७. काउंटर तिथे टेकला की पुढच्या प्रत्येक इन्सर्टला तोच आकडा मिळतो, म्हणून संदेश ‘जागा संपली’ असा न येता ‘दुबार’ असा येतो.

एवढे नंबर गेले कुठे? दर मिनिटाला भावांची यादी भरणारं एखादं काम चालू आहे का आणि त्यात ‘इन्सर्ट … ऑन डुप्लिकेट की अपडेट’ (नोंद नसेल तर घाल, असेल तर बदल) आहे का, ते पाहा. ५,००० वस्तूंची यादी असेल तर एकही नवी वस्तू नसताना दरवेळी ५,००० नंबर खर्च होतात. दिवसाला ७२ लाख. २९८ दिवसांत इंट संपतो. ‘इन्सर्ट इग्नोर’चीही तीच गत, पोस्टग्रेसच्या ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’चीही. आधी अपडेट करून पाहावं, जुळणारी ओळच सापडली नाही तरच इन्सर्ट करावा. ही गळती थांबते.

आता दुरुस्ती. ‘ऑल्टर टेबल वस्तू मॉडिफाय आयडी बिगइंट अनसाइन्ड नॉट नल ऑटो_इन्क्रिमेंट’. शेवटचे शब्द पुन्हा लिहायचेच. मॉडिफायमध्ये न लिहिलेला गुणधर्म निघून जातो. प्रकार बदलताना मायस्क्यूएल पूर्ण टेबलाची नक्कल करतं. तेवढा वेळ लिहिणं बंद राहतं आणि डिस्कवर जवळजवळ टेबलाएवढी मोकळी जागा लागते. ९ लाखांना थोडाच वेळ लागेल. कोट्यवधी नोंदी असत्या तर पीटी-ऑनलाइन-स्कीमा-चेंज किंवा जीएच-ओएसटीसारखं साधन घ्यावं लागलं असतं. ही साधनं बाजूला नवं टेबल भरून शेवटी अदलाबदल करतात. जीएच-ओएसटीला फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी बांधलेले कॉलम) चालत नाहीत, हे लक्षात ठेवा.

ज्या टेबलांत वस्तूचा आयडी फॉरेन की म्हणून आहे तिथेही प्रकार तोच हवा. दोन्हीकडे आकार आणि साइन्ड-अनसाइन्ड सारखं नसेल तर मायस्क्यूएल फॉरेन की धरत नाही. म्हणून क्रम असा: फॉरेन की काढा, सगळे कॉलम बदला, फॉरेन की पुन्हा लावा. फॉरेन की न लावता नुसता आयडी साठवणारे कॉलम सर्वांत धोक्याचे, कारण त्यांची आठवण डेटाबेस करून देत नाही. स्लॅशडॉट या संकेतस्थळाने प्रतिक्रियांची प्रायमरी की वेळीच मोठी केली होती, पण ‘कोणत्या प्रतिक्रियेला उत्तर’ हा कॉलम अनसाइन्ड मीडियमइंट या छोट्या प्रकाराचाच राहिला. नोव्हेंबर २००६ मध्ये प्रतिक्रियांनी १,६७,७७,२१६ चा आकडा ओलांडला आणि उत्तरं देणं ठप्प झालं. बेसकँप या प्रकल्प-व्यवस्थापनाच्या सेवेचं साध्या इंटवर असंच झालं, नोव्हेंबर २०१८ मध्ये. जवळपास पाच तास तिथे नुसतं वाचता येत होतं.

कोडकडेही पाहा. जावा किंवा सी-शार्पमध्ये आयडी ‘इंट’मध्ये घेत असाल तर ‘लाँग’ करा. जावास्क्रिप्ट ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच पूर्णांक नेमके धरते. त्याहून मोठे आयडी स्ट्रिंग म्हणून पाठवा.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून ‘सिस’ स्कीमातला स्कीमा_ऑटो_इन्क्रिमेंट_कॉलम्स हा व्ह्यू महिन्यातून एकदा पाहा. काउंटर कमाल मर्यादेच्या किती जवळ आला, याचं गुणोत्तर तो प्रत्येक टेबलासाठी देतो. ०.७ दिसलं की कामाला लागा. आणि नव्या टेबलात चार बाइट वाचवायला इंट घेऊ नका. सेकंदाला दहा लाख नोंदी घातल्या तरी बिगइंट २ लाख ९२ हजार वर्षं पुरतो.

पोस्टग्रेसवर ‘सीरियल’ असलेल्यांनी कॉलम बिगइंट केल्यावर ‘ऑल्टर सीक्वेन्स … ॲज बिगइंट’ही करावं. आवृत्ती १० पासून सीरियलचा सीक्वेन्स इंटचाच असतो. कॉलम मोठा झाला तरी तो त्याच जुन्या आकड्याला अडतो.

प्रश्न : चाचणीचा डेटा पुसून पुन्हा १ पासून सुरू करायचं आहे. डिलीट केलं, तरी नंबर पुढूनच येतो.

उत्तर : डिलीट काउंटरला हात लावत नाही. मायस्क्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘ट्रंकेट टेबल’ने काउंटर मूळपदावर येतो. पोस्टग्रेसमध्ये ‘ट्रंकेट … रिस्टार्ट आयडेंटिटी’ असं स्पष्ट लिहावं लागतं. मायस्क्यूएल ५.७ वर असाल तर एक धोका: तिथे काउंटर फक्त मेमरीत असतो आणि सर्व्हर रिस्टार्ट झाला की मॅक्स पाहून पुन्हा ठरतो. शेवटच्या नोंदी डिलीट करून रिस्टार्ट केलंत तर तेच नंबर पुन्हा वाटले जातात. ८.० पासून तो डिस्कवर जपला जातो.

प्रश्न : अँड्रॉइड ॲपमध्ये एसक्यूलाइट वापरते. ‘आयडी इंट प्रायमरी की’ लिहिलं. नोंदी बसतात, पण आयडीच्या जागी नल.

उत्तर : ‘इंट’ नव्हे, ‘इंटिजर’ हा पूर्ण शब्द लिहा. एसक्यूलाइटमध्ये नेमकं ‘इंटिजर प्रायमरी की’ लिहिलं तरच तो कॉलम आतल्या रोआयडीचं (एसक्यूलाइट प्रत्येक ओळीला स्वतः देतं त्या नंबराचं) दुसरं नाव होतो आणि नंबर आपोआप भरतो. ‘इंट’ लिहिलं की ती साधी प्रायमरी की. आणि एका फार जुन्या चुकीमुळे साध्या प्रायमरी कीत नल चालतो. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून ती चूक तशीच जपली आहे. ‘ऑटोइन्क्रिमेंट’ हा शब्द इथे बहुतेक वेळा लागत नाही. तो नसेल तर सर्वांत मोठा नंबर डिलीट झाल्यावर पुन्हा मिळू शकतो. फोनवरच्या नोंदी सर्व्हरशी जुळवत असाल तर मात्र तो लावा.

प्रश्न : आमच्या वेबसाइटच्या पत्त्यात ऑर्डरचा आयडी दिसतो. १५०२ च्या जागी १५०३ टाकलं की दुसऱ्याची ऑर्डर उघडते. आयडी यूयूआयडी (लांबलचक, सहसा न दुबारणारा ओळख-आकडा) करावा का?

उत्तर : आधी दाराला कुलूप लावा. ऑर्डर मागणाऱ्याची आहे की नाही हे प्रत्येक वेळी तपासणं, हाच खरा उपाय. यूयूआयडीने नंबर ओळखणं अवघड होतं, परवानगी तपासली जात नाही.

मात्र सलग आयडी धंद्याची माहिती फोडतो, हे खरं. स्पर्धकाने महिन्याच्या १ तारखेला एक आणि ३० तारखेला एक ऑर्डर दिली की वजाबाकीने तुमचा महिना त्याला अंदाजे कळतो. म्हणून आतली प्रायमरी की बिगइंटच ठेवून बाहेर दाखवायला यूयूआयडीचा वेगळा कॉलम आणि त्यावर युनिक इंडेक्स, ही जोडी आम्हाला बरी वाटते. यूयूआयडीच प्रायमरी की करायची असेल तर आवृत्ती ७ घ्या; ती २०२४ मध्ये आरएफसी ९५६२ या इंटरनेट-मानकाने प्रमाण झाली आणि पोस्टग्रेस १८ मध्ये यूयूआयडीव्ही७() तयार मिळते. तिच्या सुरुवातीचे ४८ बिट मिलिसेकंदांतली वेळ असतात, त्यामुळे नव्या नोंदी इंडेक्सच्या टोकाला बसतात. आवृत्ती ४ जवळजवळ पूर्ण यादृच्छिक. नोंदी इंडेक्सभर विखुरतात, इंडेक्सची भरलेली पानं दुभंगतात. मायस्क्यूएलमध्ये हे जास्त जाणवतं, कारण इनोडीबी हे त्याचं साठवण-इंजिन टेबलच प्रायमरी कीच्या क्रमाने मांडतं आणि प्रत्येक दुय्यम इंडेक्सात ती की पुन्हा साठवतं. तिथे ३६ अक्षरांचा ‘कॅर’ (मजकुराचा) कॉलम नको, १६ बाइटांचा बायनरी घ्या.

प्रश्न : दर पाच मिनिटांनी एक काम ‘मागच्या वेळी पाहिलेल्या आयडीपेक्षा मोठे’ व्यवहार उचलून मुख्य कार्यालयाला पाठवतं. आठवड्यात एखादा व्यवहार सुटतोच. टेबलात तो असतो, पाठवलेला नसतो.

उत्तर : सुटलेल्या व्यवहाराच्या आसपास एखादं लांबलेलं ट्रँझॅक्शन सापडेल. आयडी नोंद घालताना मिळतो, पण नोंद दुसऱ्यांना दिसते ती कमिटनंतर. हे दोन क्रम सारखे असतीलच असं नाही. ५०१ एका लांब ट्रँझॅक्शनने उचलला. ५०२ नंतर आला आणि लगेच कमिट झाला. तुमच्या कामाला ५०० आणि ५०२ दिसले, त्याने ‘५०२ पर्यंत पाहिलं’ असं लिहून ठेवलं. मग ५०१ कमिट झाला. पुढच्या फेरीत ५०२ च्या पुढचेच शोधले जातात.

तयार झाल्याच्या वेळेचा कॉलम लावूनही हे सुटत नाही. वेळही कमिटच्या आधीच लिहिली जाते. व्यवहाराच्या टेबलात ‘पाठवला’ असा कॉलम घ्या, डिफॉल्ट ‘नाही’. काम फक्त ‘नाही’वाल्या नोंदी उचलेल आणि पोहोच मिळाल्यावर त्याच नोंदींवर ‘हो’ लिहील. आयडीची तुलना काढूनच टाका. पोस्टग्रेसमध्ये ‘नाही’वाल्यांपुरताच आंशिक इंडेक्स करता येतो, म्हणजे टेबल कितीही वाढलं तरी शोध झटपट राहतो. पाठवून झालं पण ‘हो’ लिहायच्या आत काम बंद पडलं, तर तोच व्यवहार दुसऱ्यांदा जाईल. म्हणून मुख्य कार्यालयाच्या टेबलात शाखा आणि शाखेचा आयडी या दोघांवर युनिक इंडेक्स ठेवायला सांगा, म्हणजे दुसरी प्रत तिथेच अडेल.